गराजमधली खटपट : झिजलं की सुटलं?

गेल्या वर्षी याच पानावर प्रेशर कुकरच्या रबरी रिंगबद्दल लिहिलं, तेव्हा "आता तुमचे विषय संपले वाटतं" असं आमच्या घरातूनच ऐकावं लागलं. पण या सदराला विषय शोधावा लागत नाही. कुणीतरी काहीतरी मोडकं घेऊन येतंच. यंदाचा विषय गणपतीच्या दिवशी एका तेरा वर्षांच्या मुलाच्या खिशातून बाहेर आला.

आरती झाली होती, मंत्रपुष्पांजलीही झाली होती, आणि पानं मांडायला अजून अवकाश होता. एका वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भावोजी, तुम्ही ते धातूंचंच काम करत होतात ना? हा चाकू जरा बघा." मागे त्यांचा मुलगा उभा होता, चेहरा पाडून. मुलगा स्काउटमध्ये आहे. तिथे चाकू-कुऱ्हाड नीट हाताळता येते हे दाखवल्यावर 'टोटिन चिप' नावाचं कार्ड मिळतं. ते मिळालं म्हणून भारतातून आलेल्या आजीने त्याला घडीचा चाकू घेऊन दिला होता. पातं काळंभोर, मूठ काळी, एकूण प्रकार रुबाबदार. चार महिन्यांत कँपवर सफरचंदं, दोऱ्या आणि ॲमेझॉनची खोकी कापून झाल्यावर पात्यावर पांढरे डाग दिसायला लागले, आणि एकदा सफरचंदाच्या फोडीवर काळा कण सापडला. वहिनींचं म्हणणं, फेकून द्या. मुलाचं म्हणणं, "काका, इट्स नॉट ब्रोकन."

दोघांचंही अर्धं बरोबर होतं. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असतं (नोकरी सुटली, खोड सुटली नाही). खिडकीपाशी जाऊन पातं पाहिलं. डाग दोन जातींचे होते. बिजागरीजवळ एक बारीक, कमानीसारखी चंदेरी रेघ होती. आणि वर, पात्याच्या पाठीकडे, जिथे काही घासण्याचा प्रश्नच नाही, तिथे चिंचोक्याएवढा एक उघडा तुकडा. पहिल्या जागी काळा थर झिजला होता, दुसऱ्या जागी तो सुटला होता. मी मुलाला म्हटलं, रेघ तुझ्या वापराची आहे, तुकडा बनवणाऱ्याचा आहे. त्यावर त्याने विचारलं, "हाऊ डू यू नो?" हा लेख त्याचं लांबलेलं उत्तर आहे.

आधी हे काळं म्हणजे काय ते पाहू, कारण दुकानात सगळ्याला एकच 'ब्लॅक कोटिंग' म्हणतात आणि वस्तू निरनिराळ्या असतात. सर्वांत साधं म्हणजे ब्लॅक ऑक्साइड. कॉस्टिक सोड्याच्या, १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याच्या पृष्ठभागातलंच लोखंड काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतं. हा वरून दिलेला थर नव्हे, पोलादाचीच कातडी बदललेली असते, म्हणून तो खपलीसारखा सुटत नाही. नुसता झिजतो. आणि त्याने गंज थांबतो असं समजू नका. गंज थांबवतं ते त्यावर लावलेलं तेल.

दुसरा प्रकार रंगाचा. इपॉक्सी पावडर, किंवा सिरॅमिकचे कण घातलेला रंग, फवारून भट्टीत भाजतात. जाडी साधारण २५ मायक्रॉन आणि पुढे. (माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरा.) कँपिंगच्या मोठ्या, न मिटणाऱ्या चाकूंवर हा बहुधा असतो. गंजापासून राखण उत्तम करतो, पण मऊ असतो. पुठ्ठा कापूनही त्यावर चरे पडतात, कारण पुठ्ठ्यात खनिजाचे आणि धुळीचे बारीक कण असतात, आणि पुठ्ठा म्हणजे एका अर्थी सौम्य सँडपेपरच.

तिसरा प्रकार निर्वात चेंबरमधला. माझा जन्म त्यात गेला म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ थांबतो. दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट तुम्ही पाहिले असतील. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. चेंबरमधली हवा काढून टाकतात, टायटॅनियमची वाफ करतात, थोडा नायट्रोजन सोडतात, आणि तो थर वस्तूवर बसतो. त्याच घराण्यातला काळा भाऊ म्हणजे डीएलसी, हिऱ्यासारख्या कार्बनचा थर. १९७१ साली आयसेनबर्ग आणि शाबो या दोघांनी असा थर बनवल्याचं प्रसिद्ध केलं. यातल्या कार्बनच्या काही जोडण्या हिऱ्यासारख्या असतात, काही ग्रॅफाइटसारख्या, म्हणून तो कठीणही असतो आणि गुळगुळीतही. जाडी मात्र १ ते ३ मायक्रॉन, म्हणजे केसाचा तिसावा-पस्तिसावा भाग. पुरुषमंडळींनी हा थर रोज गालावरून फिरवलेला असू शकतो. १९९८ साली आलेल्या जिलेटच्या मॅक थ्री रेझरच्या पात्यांवर तो होता.

पण रेझर आणि चाकू यांत एक मोठा फरक आहे. रेझरच्या पात्याला परत धार लावायची नसते, म्हणून तिथे थर धारेवरच देतात. खिशातल्या चाकूला साधारणपणे आधी थर देतात आणि मग धार काढतात. त्यामुळे कितीही महागडा काळा चाकू घ्या, धारेची ती शेवटची मिलिमीटरभर पट्टी पहिल्या दिवसापासून उघडी असते. गंज पहिल्यांदा तिथेच दिसतो, आणि लोक म्हणतात, कोटिंग असून गंजला! तिथे कोटिंग नव्हतंच.

आता मुलाच्या चाकूवरची कमानीची रेघ. घडीचा चाकू मिटलेला राहावा, खिशात आपोआप उघडू नये, म्हणून आतल्या पट्टीत एक बारीकशी गोळी बसवलेली असते आणि ती पात्यावरच्या खळगीत अडकते. उघडताना-मिटताना ही गोळी पात्यावरून घासत जाते. गोळी कठीण पोलादाची किंवा सिरॅमिकची, तिचा सगळा दाब सुईच्या टोकाएवढ्या जागेवर. तिथे कुठलाही थर आज ना उद्या हरतो. हे झिजणं. भिंगातून पाहिलं तर याच्या कडा धूसर असतात. काळा, मग करडा, मग चंदेरी, असा रंग हळूहळू उतरत गेलेला दिसतो, आणि बाजूला घासणारी वस्तू सापडतेच सापडते.

सुटलेली जागा वेगळी दिसते. तिची कड नकाशावरच्या किनाऱ्यासारखी तुटक आणि धारदार असते. एका बाजूला पुरता काळा, लगेच पलीकडे नागडं पोलाद, मधलं काही नाही. जवळपास घासणारं काही नसतं. आणि त्या उघड्या जागेवर पोलादाचा मूळ खरबरीतपणा शाबूत असतो. घासून गेलं असतं तर तो आधी सपाट झाला असता.

थर सुटतो का? ज्यांच्या लहानपणी दारावर कल्हईवाला येत असे त्यांना हे सांगायला नको. भांडं आधी घासून, तापवून, त्यावर नवसागर टाकून कल्हईवाला ते फडक्याने फिरवायचा, आणि तो पांढरा धूर नाकात जायचा. कथिल नंतर. नवसागराचं काम भांड्याच्या तोंडावरचा सगळा मळ आणि काट काढून तांबं उघडं करणं. ज्याने घाई केली त्याची कल्हई दिवाळीपर्यंत टिकायची नाही, आणि आई त्याला पुढच्या खेपेला बरोबर ओळखायची. चेंबरमध्येही हेच आहे. पाती आधी साबणी द्रावणात अतिध्वनीच्या लहरींनी धुतात, स्वच्छ पाण्याने खळबळतात, डाग न ठेवता वाळवतात. मग चेंबरमध्ये आर्गॉन वायूचे आयन त्यांच्यावर मारून शेवटचा पापुद्रा काढतात. तो आमचा नवसागर. त्यावर क्रोमियमचा एक पातळ थर, आणि मग काळा कार्बन. हे क्रोमियम गोंदासारखं काम करतं. ते नसेल तर आतून ताणलेला डीएलसीचा थर पोलादावरून उडी मारून निघतो.

यात बिघडायला जागा खूप. पात्यांना खरबरीत मॅट रूप द्यायला काचेच्या मण्यांचा मारा करतात. त्याचा चुरा पोलादात रुतून राहतो. धुतलेलं पाणी नीट न वाळता डाग ठेवून जातं. चेंबरमध्ये वाफ सरळ रेषेत जाते, कोपरा वळत नाही, म्हणून पाती सतत फिरती ठेवावी लागतात. दाटीवाटीने टांगली तर एकाच्या सावलीत दुसऱ्याला थर पातळ. आणि तपमानाची गोष्ट तर फारच नाजूक. लोहाराने दिलेलं पाणी परत तापवलं की उतरतं, हे गावाकडच्या कुठल्याही कोयत्यावाल्याला माहीत असतं. १०९५ नावाचं साधं कार्बन पोलाद साधारण २०० अंशांना उतरवून योग्य कडकपणावर आणलेलं असतं. त्याला ४०० अंशांच्या चेंबरमध्ये घातलं तर थर सुंदर चिकटेल आणि पातं मऊ होईल. मग मऊ पात्यावरचा कठीण थर म्हणजे गादीवर ठेवलेली काच. म्हणून चाकूंसाठी कमी तपमानाचा डीएलसी निवडतात. पण कमी तपमानाला चिकटणं अवघड, म्हणून स्वच्छता आणखी काटेकोर हवी.

आणि या सगळ्यात स्वस्तातला, सर्वांत सामान्य शत्रू म्हणजे माणसाचं बोट. हातमोजा न घालता धुतलेलं पातं उचललं की बोटावरचा तेलकटपणा आणि मीठ त्याच्यावर बसतं. डोळ्यांना काही दिसत नाही. थर त्याच्यावरून छान काळा बसतो. काही महिन्यांनी नेमका तेवढाच भाग सुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१२च्या मे महिन्यात मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी जाताना मी अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, असाच एक काळा घडीचा चाकू नेला होता. शंभरेक डॉलरचा, डी २ पोलादाचा. अण्णांकडे त्यांचा अडकित्ता होता, आडाळी होती, कोयती होती. चाकूची त्यांना काहीच गरज नव्हती. पण मुलाने अमेरिकेहून आणलाय म्हणून त्यांनी तो बंडीच्या खिशात ठेवला आणि सगळ्याला वापरला. आंबे कापले, रातांबे फोडले, फणसाच्या आधी पात्याला खोबरेल लावून गरे काढले, पोफळीच्या बागेत दोऱ्या कापल्या. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. पाठीजवळ एक लांबट गोल तुकडा सुटला होता आणि त्यात तांबूस गंजाचे टिपके भरले होते. अण्णांनी त्याच्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला, मग माझा ठेवायला लावला. जवळजवळ बरोबर बसला.

"ह्यो आंगठो कोणाचो रे?" त्यांनी विचारलं.

मी हसलो, पण ते हसत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांचा लोहार गावातच बसायचा, कोयतीचं पाणी फसलं तर दुसऱ्या दिवशी नेऊन त्याच्यापुढे टाकायची. इथे कुणापुढे टाकायची?

डी २ पोलादाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'स्टेनलेससारखं' म्हणून ते विकतात. त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के असतं हे खरं, पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि तो बरंचसं क्रोमियम आपल्याकडे ओढून कार्बाइडमध्ये अडकवतो. गंज रोखायला मोकळं क्रोमियम उरतं ते पुरेसं नसतं. अशा पोलादावर थर हा केवळ शोभेचा नसतो. तो सुटला की त्या पोलादाचा कोकणातल्या पावसाळ्यापुढे टिकाव लागत नाही. कारखान्यात गंजाची परीक्षा ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारून करतात, एएसटीएम बी ११७ नावाची. आमच्या माजघराची खिडकी जुलैत उघडी ठेवली तर फार वेगळं काही होत नाही, वर रातांब्याचं आंबट पाणी फुकट.

परत आल्यावर मी त्या कंपनीला पत्र लिहिलं, फोटो जोडले, भिंगातून घेतलेलेसुद्धा. महिन्याने उत्तर आलं. विनम्र होतं. पात्यावर दिसणारे बदल हे नेहमीच्या वापरातली झीज या प्रकारात येतात, हमीत बसत नाहीत, आमचे चाकू वापरत राहाल अशी आशा आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, तो आला, पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आलं, कारण ते वाक्य मी ओळखत होतो. मी ते स्वतः लिहिलं होतं, दुसऱ्या कुणासाठी, बऱ्याच वर्षांपूर्वी.

ही गोष्ट मी या सदरात कधी सांगितलेली नाही. मिशिगनमध्ये मी जिथे काम करत होतो तिथे मुख्य काम गाड्यांच्या कारखान्यांसाठी ड्रिल आणि पंच यांवर थर देण्याचं. काही वर्षं आम्ही एका चाकू कंपनीची पातीही करत होतो. माझं काम तपासणीचं.

तपासणी कशी असते ते थोडक्यात सांगतो. सगळी पाती कुणी तपासत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करासाठी जे नमुना-तक्ते तयार झाले, त्यांचेच वंशज आजही वापरतात. लॉट १२०१ ते ३२०० नगांचा असेल तर नेहमीच्या पातळीला १२५ नग उचलायचे. एक टक्क्याचा निकष ठरला असेल तर १२५ मध्ये ३ खराब निघेपर्यंत लॉट पास, ४ निघाले की नापास. यात लबाडी काही नाही, हे गणित उघड आहे आणि दोन्ही बाजूंना मान्य असतं. फक्त चाकू विकत घेणाऱ्या आजीला ते कुणी सांगत नाही.

खरी अडचण वेगळीच. त्या १२५ पात्यांवर आम्ही काय बघायचो? रंग एकसारखा आहे का, डाग आहे का, चरा आहे का. थर किती घट्ट धरलाय ते डोळ्यांना दिसत नाही. रंगाच्या थरावर जाळीदार चिरा मारून चिकटपट्टी ओढायची परीक्षा असते, पण चेंबरमधल्या थरापुढे चिकटपट्टी म्हणजे हत्तीला शेपटीला धरून ओढण्यासारखं. त्यासाठी जर्मन इंजिनिअरांची एक पद्धत आहे, व्हीडीआय ३१९८. कडकपणा मोजायच्या रॉकवेल यंत्राची हिऱ्याची टोकदार सुई १५० किलोच्या भाराने थरात घुसवायची, आणि पडलेल्या खड्ड्याभोवती सूक्ष्मदर्शकातून बघायचं. नुसत्या किरणांसारख्या बारीक भेगा असतील तर ठीक. खड्ड्याभोवती थर उडून पोलाद उघडं पडलं असेल तर वाईट. एक ते सहा अशा पायऱ्या आहेत, चारपर्यंत पास, पाच आणि सहा नापास.

आता हा खड्डा विकायच्या पात्यावर पाडता येत नाही. म्हणून पात्यांबरोबर पोलादाची एक चकती टांगतात आणि खड्डा तिच्यावर पाडतात. ती चकती घासूनपुसून आरशासारखी केलेली, पाती मण्यांच्या माऱ्याने खरबरीत केलेली. चकती टांगणारा माणूस अनुभवी, हातमोजे घातलेला. पाती टांगणारी मंडळी रात्रपाळीची, तीनशे हूक भरायची घाई असलेली. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा पुढच्या बाकावर हुशार पोरं बसवायचे, तसंच. म्हणून चकतीसुद्धा काठावर आली तर समजायचं, आत पात्यांचं काही खरं नाही.

एका शुक्रवारी चकती काठावर आली. चार म्हणायचं की पाच, यावर दोन माणसांत वाद व्हावा अशी. १२५ पाती डोळ्यांनी बघून झाली होती, दोनच खराब. ट्रक बाहेर उभा होता. पर्यवेक्षक म्हणाला, तुझं मत काय ते लिही. त्याने मला खोटं लिहायला सांगितलं नाही. मी चार लिहिलं आणि सही केली. सोमवारी आणखी एक चकती कापून बघता आली असती. पाच-सहा पाती मोडून खात्री करता आली असती. लॉट सोमवारपर्यंत थांबला असता, एवढंच.

काही महिन्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून चाळीसेक पाती परत आली. अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच. भिंगाखाली पाहिलं, तर तुटक कडा, शाबूत खरबरीतपणा, सगळं वर सांगितलं तसं. अहवालात मी काय लिहिलं? 'नॉर्मल वेअर'. दोन शब्द. चाकू कंपनीने तेच पुढे गिऱ्हाइकांना कळवलं असणार. त्यांच्यात कुणाचे तरी अण्णा असतील, एवढा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. विचार आला तो असा, की सुटलं म्हणून लिहिलं तर पुढचा प्रश्न येईल, कुणामुळे? पोलाद एकाने कडक केलं, दुसऱ्याने घासलं, तिसऱ्याने मणी मारले, आम्ही थर दिला, पाचव्याने धार काढून जोडणी केली. प्रत्येकाची तपासणी आपापल्यापुरती पास. अंगठा कुणाचाही असू शकतो, म्हणून तो कुणाचाच नाही. 'झीज' हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता. त्यात दोष वापरणाऱ्याचा.

अण्णांचा चाकू आमच्या कंपनीत थर दिलेला नव्हता, हे मी खात्री करून घेतलं. त्याने फारसं बरं वाटलं नाही.

असो. वहिनींच्या प्रश्नाकडे येतो, पोटात गेलं तर काय? मी डॉक्टर नाही, पण हिशेब मांडता येतो. आठ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद पातं, दोन्ही बाजू मिळून ४० चौरस सेंटिमीटर. त्यावर दोन मायक्रॉनचा थर म्हणजे सगळा मिळून वीसेक मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरतं. आणि डीएलसी मुख्यतः कार्बन, पोटात विरघळणारा नाही. म्हणून मागच्या सफरचंदाची चिंता सोडा. पण फवारलेल्या रंगाचा थर असेल तर तो दहा-पंधरा पटींनी जाड असतो, त्याचे पापुद्रे निघतात, आणि त्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नसतं. असा सुटत चाललेला चाकू खाण्याच्या कामाला नको. दोरी-पुठ्ठ्याला ठेवा. मुलाचा चाकू कुठल्या जातीचा? उघड्या तुकड्याच्या कडेला नखाने पायरी लागत नव्हती, म्हणजे थर पातळ, चेंबरमधला. त्याला मी तोवर काहीही कापायला परवानगी दिली, वहिनींनी फक्त दोरीला दिली.

सांभाळायचं म्हणाल तर फार काही नाही. डिशवॉशरमध्ये घालू नका, हिरव्या खरखरीत घासणीने घासू नका. लिंबू-टोमॅटो कापला की लगेच धुऊन कोरडं करा, आणि बिजागरीतलं पाणी विसरू नका, कापसाच्या काडीने टिपा. धारेच्या उघड्या पट्टीला आणि सुटलेल्या जागेला औषधाच्या दुकानात मिळतं ते खाद्य मिनरल ऑइल बोटभर लावा. खोबरेल चालतं, पण इथल्या थंडीत ते बिजागरीत थिजतं आणि चाकू उघडताना आजोबांच्या गुडघ्यासारखा होतो. गंजाचे टिपके आले असतील तर खायच्या सोड्याची पेस्ट करून कापडाने पुसा, थरावर नाही, फक्त टिपक्यावर.

आणि परत पाठवायचा असेल तर पत्रात 'कोटिंग गेलं' एवढंच लिहू नका. त्या शब्दाला त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर आहे. झिजलेल्या जागेचा आणि सुटलेल्या जागेचा, असे दोन वेगळे फोटो काढा. फोनच्या कॅमेऱ्यापुढे दहाचं भिंग धरलं की पुरेसं दिसतं. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही, असं स्पष्ट लिहा. दुसऱ्याबद्दल लिहा की इथे काही घासत नाही, कड तुटक आहे, खालचा पृष्ठभाग झिजलेला नाही, म्हणजे हे चिकटण्यातलं अपयश आहे. खोक्यावर किंवा पात्यावर लॉटचा आकडा असेल तर तो द्या. पलीकडे माझ्यासारखा कुणी बसला असेल तर त्याला निदान शब्द शोधायला वेळ लागेल.

मुलाने पत्र स्वतःच लिहिलं, आमच्या गराजमध्ये बसून, दोन संध्याकाळी. मी फक्त 'अढीजन' या शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि शेवटी त्याने घातलेलं "माझ्या आजीने हा दिला आहे" हे वाक्य तसंच ठेवलं. त्याची आई म्हणत होती काढून टाक. अण्णांचा चाकूही त्याने त्या वेळी पाहिला. तो माझ्या टेबलाच्या वरच्या खणात असतो, अण्णा गेल्यापासून. टिपके मी साफ केले आहेत, तुकडा तसाच आहे. त्याने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. त्याला तो मोठा झाला.

पत्र सप्टेंबरच्या शेवटी गेलं. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही.